परदुःख शीतळ का लागते?

(घोरावाडी येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आज आपणांपुढे जो विषय मांडावयाचा आहे तो पोथीतला नाही, चव्हाट्यावरचा आहे. परदुःख शीतळ, अशी आपल्यात म्हण आहे. म्हण खरी आहे, पण असे का होते हे ती सांगत नाही. एका वेळी दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या घशाखाली घास उतरत नाही. दुसऱ्या वेळी तसेच दुःख पाहून आपण पान थुंकून पुढे चालू लागतो. माणूस तोच असतो. मग फरक कशाने पडतो? कोणी म्हणेल, ज्याचा त्याचा स्वभाव. आमच्या मते स्वभावावर सगळा भार टाकणे म्हणजे विचार करण्याचा कंटाळा करणे होय. काळीज कोणत्या कारणांनी घट्ट होते हे आता पुष्कळ कळलेले आहे. कारण कळले म्हणजे त्यावर उपायही करता येतो, म्हणून आज हा विषय घेतला.

दाखला आपल्या शेजारचाच घेऊ. १५ जून २०२५, रविवारचा दिवस. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने भरला आणि कोसळला. चार माणसे दगावली आणि पन्नासाच्या आसपास जखमी झाली. त्या दिवशी आसपासचे लोक धावले, मागाहून सरकारी बचावपथके आली आणि नदीतून माणसे ओढून काढली. हे सर्व आपण जाणतोच. परंतु पुढच्या दोन दिवसांत चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात आणि मोबाइलवर जे बोलणे चालले, तेही आपण ऐकले आहे. "पूल धोक्याचा आहे म्हणून पाटी लावली होती, मग कशाला गेले मरायला?" "शहरातले लोक मस्ती करायला येतात, त्यांना असेच पाहिजे."

त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब पुरात सापडले. एक बाई व चार मुले अशी पाच माणसे वाहून गेली. एकमेकांना धरून पाण्यात उभी असलेली ती माणसे साऱ्या मुलखाने मोबाइलवर पाहिली. तेव्हाही बोलणे हेच होते. आता विचार करा, मंडळी. वडीलधाऱ्यांची चूक झाली असे घटकाभर धरले, तरी त्या लेकरांची कोणती मस्ती नडली? तरीसुद्धा पुष्कळांच्या तोंडून हळहळ निघण्याआधी दूषण निघाले. असे बोलणारी माणसे दुष्ट होती काय? मुळीच नाही. त्यांतली कित्येक आपल्या घरच्या गाईला काटा लागला तरी रात्रभर जागणारी होती.

ह्याचे कारण अमेरिकेतल्या मेल्विन लर्नर व कॅरोलिन सिमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली एका प्रयोगाने दाखविले. कॉलेजातल्या काही मुलींना त्यांनी एक देखावा दाखविला. एक मुलगी धडे पाठ करीत आहे आणि चुकली की तिला विजेचा झटका बसत आहे, असा तो देखावा. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ज्यांना सांगितले की, तुम्हांला हा प्रकार थांबविता येईल आणि तिला त्रासाऐवजी मोबदला देता येईल, त्यांतल्या बहुतेकींनी तसे केले आणि त्या मुलीला विशेष नावे ठेविली नाहीत. ज्यांना नुसते पाहत बसावे लागले आणि तिचा त्रास पुढेही चालणार असे सांगितले गेले, त्या मात्र तिलाच कमी लेखू लागल्या. दुःख देणाऱ्यावर राग धरावा की नाही? पण राग वळला तो दुःख भोगणारीवर!

लर्नर यांनी ह्याचा अर्थ असा लाविला की, जगात न्याय आहे, चांगल्याचे चांगले होते आणि वाईटाचे वाईट, असे मानल्याशिवाय मनुष्याला स्वस्थ झोप लागत नाही. निरपराध माणसाचा घात झालेला पाहिला की मन घाबरते. त्याचे झाले तसे उद्या माझेही होईल! ही भीती घालविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याला मदत करणे. तो बंद असला की मन दुसरा मार्ग धरते. त्याचाच काही दोष असेल असे म्हणणे. दोष त्याचा ठरला की आपण सुटलो. कारण आपण कुठे तसे वागतो!

आपल्या देशात तर ह्या पळवाटेला पूर्वकर्माचा पक्का दरवाजा बसवून ठेविला होता. कोणी आंधळा जन्मला, कोणी उपाशी राहिला, कोणाला गावकुसाबाहेर राहावे लागले, तर मागच्या जन्मीचे पाप, एवढे म्हटले की काम भागले. पाप त्याचे, भोग त्याचा, आपण मोकळे. अमेरिकेतल्या त्या मुलींनी जे एका तासात केले ते आपल्याकडे शेकडो वर्षे धर्माच्या नावाने चालले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाही तर आमच्या बोलण्याचा विपर्यास होईल. चौकशी करू नये असे आम्ही म्हणत नाही. धोक्याचा पूल गर्दीच्या दिवशी उघडा का राहिला? नवा पूल मंजूर असता तो का उभा राहिला नाही? हे प्रश्न जोराने विचारलेच पाहिजेत. परंतु ते ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांना विचारावयाचे असतात. मेलेल्यांना विचारून काय उपयोग? गंमत अशी की, मेलेल्यांना दोष देण्यात ज्यांचा दम खर्च होतो, त्यांच्याजवळ अधिकाऱ्यांना विचारावयास दम उरत नाही.

आता दुसरे कारण. आपला आणि परका. शाळेत आम्ही हे नेहमी पाहतो. एखादे पोर पाय घसरून पडले की वर्ग खो-खो हसतो, पण त्याच्या शेजारी बसणारे पोर हसत नाही, ते उठून हात देते. लंडनमध्ये तानिया सिंगर नावाच्या बाईने व तिच्या सोबत्यांनी मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्राने हीच गोष्ट तपासली. २००४ सालच्या प्रयोगात बायकांना यंत्रात ठेवून एकदा त्यांच्या स्वतःच्या हाताला व एकदा त्यांच्या जोडीदाराच्या हाताला वेदना दिली. जोडीदाराला वेदना होत आहे एवढे नुसते कळताच, वेदनेने जीव कासावीस होण्याशी निगडित असलेले मेंदूचे काही भाग त्या बाईच्या मेंदूत जागे झाले. तिच्या हाताला काहीच झाले नव्हते! म्हणजे दुसऱ्याचे दुःख आपल्याला लागते हे केवळ कवींचे बोलणे नाही. शरीरातच तशी सोय आहे.

पण पुढे ऐका. २००६ साली त्यांनीच दुसरा प्रयोग केला. आधी पैशांचा एक खेळ खेळविला. त्यात एक गडी सचोटीने वागला आणि दुसऱ्याने लबाडी केली. मग त्या दोघांना वेदना होताना पाहणाऱ्यांचे मेंदू तपासले. सचोटीच्या गड्यासाठी बायका व पुरुष दोघांच्याही मेंदूत कळवळा दिसला. लबाडासाठी मात्र पुरुषांच्या मेंदूत तो फार कमी झाला आणि त्याऐवजी बक्षीस मिळाल्यावर जो भाग जागा होतो तो जागा झालेला आढळला.

ह्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. ज्याच्याशी बांधाचा तंटा चालू आहे त्याचा बैल ऐन पेरणीत बसला, तर आपल्या मनात पहिल्या क्षणी काय येते ते ज्याने त्याने आपल्याशी पाहावे. हातभर बांधासाठी आपण दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो, आणि त्या दहा वर्षांत शेजाऱ्याच्या घरी मूल आजारी पडले तरी विचारपूस करीत नाही. बैलाने आणि लेकराने आपला बांध कोरलेला नसतो. तंटा धन्याशी असतो, पण काळीज साऱ्या घराविषयी घट्ट होते. आणि एका घराविषयी जे होते तेच एका भावकीविषयी, एका जातीविषयी, एका धर्माविषयी होते. आधी कोणी तरी कानात सांगतो की ते लोक लबाड आहेत. तेवढे पटले की त्यांच्या घराला आग लागली तरी आपल्याला धग लागत नाही. म्हणून कानात सांगणारापासून जपावे.

तिसरे कारण ह्याहून वाईट, कारण ते दिसावयास निरुपद्रवी आहे. "त्यांना सवय असते!" हे तीन शब्दी शास्त्रच म्हणा ना. कातकऱ्याचे पोर थंडीत उघडे असले, तर त्यांना सवय असते. ऊसतोडणीची बाई बाळंत होऊन थोड्याच दिवसांत कोयता घेऊन फडात उभी राहिली, तर त्यांना सवय असते. गटारात उतरणाऱ्याला वासाची सवय, भट्टीवरच्याला धगीची सवय, बाईच्या जातीला सोसण्याची सवय. ह्या सवयीच्या गोष्टी नेहमी दुसऱ्यांविषयीच असतात, हे ध्यानात घ्या. स्वतःविषयी कोणी म्हणत नाही की, मला उपाशी राहण्याची सवय आहे, मला वाढू नका.

ही खोड शिकलेल्यांनाही सुटत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया येथील विद्यापीठात डॉक्टरी शिकणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांची व नव्या डॉक्टरांची तपासणी झाली. तिचा निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. काळ्या लोकांची कातडी जाड असते, असल्या खोट्या समजुतींपैकी काही ना काही त्यांतले जवळजवळ निम्मे लोक खरे मानीत होते. ज्यांच्या मनात अशा समजुती अधिक, ते काळ्या रोग्याची वेदना कमी समजत आणि औषध सुचविताना अधिक चुकत. डॉक्टरी शिकलेल्यांची ही कथा, मग आमच्यासारख्यांना तर किती सावध राहावयास हवे!

१९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर लोकांची वाडी ती. २७ प्रेते हाती लागली, ५७ माणसे मातीखालीच राहिली. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ते लोक तेथे का राहत होते? डोंगराची सवय होती म्हणून नव्हे. शेत, रान, पोट तेथे होते म्हणून. आपल्या मावळातही ठाकर, कातकरी यांच्या वाड्या डोंगराच्या कुशीत आहेत. पावसाळ्यात तेथली आई रात्री डोळ्याला डोळा लावीत नसेल, हे आपल्या मनात येते काय? जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्या काळीही लोक म्हणतच असतील की, त्यांना लांबून पाणी आणावयाची सवय आहे. जोतीरावांनी एवढेच ओळखले की तहान सर्वांच्या घशाला सारखी लागते.

चौथे कारण आपल्या घराच्या उंबऱ्याआतले आहे, आणि भगिनींनी रागावू नये, कारण पुरुषांनाही ते तितकेच लागू आहे. सून म्हणते, आत्याबाई, आज कंबर फार दुखते. सासू म्हणते, आम्ही नाही का सोसले? आम्ही तर भरल्या दिवसांत दळण दळले! सुतारशाळेत, गवंड्याच्या हाताखाली, गॅरेजात नवे पोर येते. उस्ताद त्याच्या टाळक्यात मारतो आणि म्हणतो, मीही मार खाऊनच शिकलो. वास्तविक ज्याने भोगले त्याला दुसऱ्याचे दुःख अधिक कळावे. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतोही. पण अमेरिकेत रटन, मॅकडॉनेल व नॉर्डग्रेन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलट आढळले. जी अडचण आपण पार केली, तिच्यात दुसरा कोणी खचून गेला, तर त्याच्याविषयी आपण, ती अडचण कधीच न पाहिलेल्या माणसापेक्षाही कठोर होतो. ते म्हणतात, दुखणे सरले की त्याची खरी कळ माणूस विसरतो आणि आपण ते पार केले एवढेच लक्षात ठेवतो. सासूला आपले दळण आठवते. जात्यापाशी गाळलेली आसवे आठवत नाहीत.

ह्यावर उपाय आमच्याजवळ आहे, आणि तो परदेशातला नाही. समोर ही इंद्रायणी वाहते. तिच्या काठी देहूस तुकाराम बुवा झाले, आणि आपल्या या घोरवडेश्वराच्या डोंगरावर ते चिंतनास येत असत असे मानतात. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, दुकान बुडाले. घरी सावकारी होती आणि लोकांकडे येणे होते. त्यांना म्हणता आले असते की, माझे एवढे गेले, मी सोसले, आता तुम्हीही सोसा आणि माझे व्याज द्या. परंतु परंपरा असे सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते ह्याच इंद्रायणीत बुडविली. दुःखाने मनुष्य दोन्हीकडे जाऊ शकतो. मी सोसले म्हणून तूही सोस, असे म्हणणारा एक. मी सोसले, ते तुझ्या वाट्याला नको, असे म्हणणारा दुसरा. दोन्ही वाक्यांची सुरुवात सारखीच आहे, म्हणून मधल्या ठिकाणी जिभेला आवरावे.

पाचवे आणि शेवटचे कारण घाई. हे इतके क्षुल्लक वाटते की कोणी ते मनावर घेत नाही. १९७३ साली डार्ली व बॅटसन या दोघांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन त्यांना भाषण द्यावयाचे होते. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेविला होता. ज्यांना वेळ भरपूर होता त्यांतले शंभरांत ६३ थांबले. ज्यांना उशीर झाला असे सांगितले त्यांतले शंभरांत १० च थांबले. आणि त्यांतल्या कित्येकांच्या भाषणाचा विषय होता बायबलातली ती गोष्ट, वाटेवर पडलेल्या घायाळ परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची! भाषण कशावर द्यावयाचे आहे ह्याने फारसा फरक पडला नाही, घाईने पडला. आम्हां भाषण करणारांनी हा प्रयोग भिंतीवर लिहून ठेवावा.

आपल्या मावळातून मुंबई-पुण्याचा जुना रस्ता जातो, द्रुतगती मार्ग जातो, आगगाडी जाते. सारा मुलूख येथून घाईने जातो, आणि अपघातही येथेच होतात. पुष्कळ लोक घाईमुळे थांबत नाहीत, तर पुष्कळ भीतीमुळे. उचलले तर पोलीस आपल्यालाच धरतील, कोर्टात हेलपाटे पडतील. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाराच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम घातले. सद्हेतूने मदत करणारावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. हे घरोघर सांगा.

आणि लक्ष ठेवणाऱ्या एका माणसाने काय होते तेही पाहा. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेवर माणसे गेली. ही वार्ता बाहेर कळविली ती एका एस.टी. ड्रायव्हरने. नेहमीच्या वाटेने गाडी घेऊन गेला तो गावच जागेवर दिसेना. ज्या वाटेने आपण रोज जातो तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणे, हीसुद्धा दया आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, साऱ्या जगाच्या दुःखाने रडत बसलो तर नांगर कोण धरील? प्रश्न रास्त आहे. परंतु कळवळा आणि रडणे एक नव्हे. बाळंतपणाला आलेली जाणती सुईण बाळंतिणीबरोबर किंचाळत नाही. ती तिचा हात धरते, तिला काय लागते ते पाहते आणि पाणी तापविते. माझ्यावर असे आले तर, असाच घोर घेऊन बसले की माणूस घाबरून तोंड फिरवितो. ह्या बाईला आत्ता काय होत असेल, असे मनाशी विचारले की हात हलू लागतात. मानसशास्त्रज्ञांनीही ह्या दोन्हींतला फरक तपासून पाहिला आहे. पण आपल्या सुईणींना तो आधीच ठाऊक होता.

यास्तव आमची आपणांस मोठी मागणी नाही, चार लहान मागण्या आहेत. दुःखाची वार्ता आली की पहिला प्रश्न, काय लागते? हा असावा, चूक कोणाची, हा दुसरा, आणि तो योग्य माणसाला विचारावा. ज्याच्याशी तंटा आहे त्याच्या घरचे दुखणे तंट्यात मोजू नये. "त्यांना सवय असते" हे वाक्य घरात मुलांसमोर उच्चारू नये. कोणी उच्चारले तर, तुम्ही विचारलेत काय त्यांना, एवढेच शांतपणे म्हणावे. आणि आम्ही नाही का सोसले, असे ओठांवर आले की सुनेच्या हातचे काम घटकाभर आपल्या हाती घ्यावे. पुरुषांनीही घ्यावे, बिघडत नाही.

येत्या पावसाळ्यात कुंडमळ्याला, भुशीला, घाटात पुन्हा माणसे येतील. त्यांतली काही अविचारानेही वागतील. त्यांना आधी अडवावे, समजवावे. आणि तरीही कोणी पाण्यात गेलेच, तर दोर घेऊन धावणारांत आपल्या गावची मंडळी पुढे असावीत.